अकरा सेकंद वाचवले त्याची गोष्ट

कंप्युटरच्या बाबतीत आमच्या ऑफिसात माझा शब्द शेवटचा! निदान त्या सोमवारपर्यंत होता.

आमच्याकडे रजा, पगार, अर्ज, सगळं ऑफिसच्या साइटवर. आपलं पान उघडायला अकरा सेकंद लागायचे. साहेब वैतागले. "अहो, तेवढ्यात माझा चहा निवतो!"

मी छाती फुगवून म्हटलं, "सोमवारी बघा! डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडेल!"

उपाय सोपा होता. आमचे कंप्युटर आणि मुख्य सर्व्हर यांच्या मधल्या मशीनमध्ये पानांच्या तयार प्रती ठेवायच्या, म्हणजे कॅश. पण ते मशीन भारी संशयी! दर वेळी मुख्य सर्व्हरला विचारायचं, "हा माणूस कोण? हे पान ह्याचंच ना?" त्या चौकशीतच सगळा वेळ जायचा. म्हटलं, आपलीच माणसं, चौकशी कसली? टाकली बंद करून! मग माझं पान उघडून पाहिलं. झटकन उघडलं आणि माझंच होतं. एकट्यानेच तपासल्यावर दुसऱ्या कुणाचं दिसणार होतं म्हणा!

सोमवारी जुन्या प्रती पुसल्या आणि ऐटीत बसलो. पहिलं पान उघडलं टेलिफोनवर बसणाऱ्या ताईंनी. मशीनने त्याची प्रत ठेवली आणि नंतर जो आला त्याला तीच दिली. साहेबांपासून शिपायापर्यंत!

पानावर ताईंचं नाव आणि रजेचा अर्ज. कारण : उजव्या कानाने ऐकू येत नाही, यंत्र बसवायचं आहे. खाली विनंती : कृपया कुणाला कळू नये. कुणीही पान बंद केलं नाही. सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

मला कुठे पत्ता! मी कौतुकाची वाट बघत होतो. एवढ्यात हेडक्लार्क ताईंच्या टेबलाशी जाऊन ओरडले, "ताई! बऱ्या आहात ना?" दुसरा त्याहून मोठ्याने. तिसऱ्याने तर हातवारेच सुरू केले!

"अहो, ओरडता काय? आग लागलीय का?" ताई चक्रावल्या.

मग साहेब आले. ते मात्र हळूच म्हणाले, "उद्यापासून तुम्ही रेकॉर्ड रूममध्ये बसा. तिथे फोन नाही."

ताईंचा चेहरा पडला. बावीस वर्षं त्यांनी तो फोन सांभाळला होता, शेवटची चार तर एकाच कानावर, आणि कुणाला शंकासुद्धा आली नव्हती.

मी घाईने माझं पान उघडलं, तर समोर ताईंचा अर्ज! धावत जाऊन मशीनची चौकशी पुन्हा सुरू केली. साहेबांना हात जोडले, "चूक माझी आहे. ताईंना फोनवरच राहू द्या." साहेब म्हणाले, "बघू." त्यांचं 'बघू' मला ठाऊक आहे.

ताई खणातलं सामान पिशवीत भरत होत्या. मी मान खाली घालून पुटपुटलो, "ताई, चुकलं माझं. फार वाईट वाटतंय."

"ऐकू आलं," त्या वर न बघता म्हणाल्या. "आता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा."

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. मी घसा खाकरला, तोंड उघडलं. आवाज काही फुटेना!