सड्यावरची बारमाही विहीर

काजू प्रक्रिया केंद्र पाणेऱ्याला जाणार अशी कुणकुण लागली, आणि कातळोशीच्या सरपंच सखारामच्या घशाखाली भाकरी उतरेना. पाणेरे हा डोंगराखालचा शेजारगाव. तिथली सरपंच गुणवंती ही सखारामची धाकटी बहीण. परक्या कुणाला मिळालं असतं तर एक वेळ त्यानं सोसलं असतं, पण सख्ख्या बहिणीला मिळणार म्हणून तो जास्तच जळत होता. शिवाय केंद्र आपल्याकडे झालं, तर मुंबईत चौघांच्या खोलीत दिवस काढणारा त्याचा विनीत घरी परतणार होता.

"रस्ता आपल्याकडं, वीज आपल्याकडं. तिच्याकडं काय, तर येक झरा!" तो बायकोला म्हणाला.

"आनि आपल्या विहिरीत मे महिन्यात बेडूक तरी टिकतो काय?" काशीनं विचारलं.

हे त्याला झोंबलं. केंद्राची जागा ठरवायला जिल्ह्याहून पाहणी होणार होती, तिच्या आदल्या दिवशी त्यानं पालीहून टँकर मागवून विहीर काठोकाठ भरली. पाणी तपासणीत नापास नको, म्हणून ग्रामपंचायतीतलं पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचं अख्खं पोतं आत रिकामं केलं. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळात, जांभ्या दगडाच्या भेगांतून पाणी झिरपून जातं, ठरत नाही, हे तो स्वतःच दर ग्रामसभेत ओरडून सांगायचा. मत्सराच्या भरात नेमकं तेच विसरला.

दुसऱ्या दिवशी पाहणीला जिल्ह्याच्या अधिकारी नम्रता मॅडम आल्या.

"ही आमची बारमाही विहीर!" सखाराम ऐटीत म्हणाला.

मॅडमनी वाकून पाहिलं. तळाशी चिखल होता, आणि उग्र वासानं त्यांना ठसका लागला. तेवढ्यात गुणवंती धापा टाकत घाटी चढून आली.

"दादा, आमचा झरा सकालपास्नं धो धो व्हातोय! पन पान्याला टीसीएलचा वास कसा रे?"

सखाराम आकाशाकडे बघू लागला. मॅडमना मात्र हसू आवरेना.

"वर ओतलेलं खाली निघतं, मग भांडताय कशाला? पावसाचं पाणी वर अडवा, केंद्र खाली बांधा. रस्ता यांचा, झरा तुमचा, नोकऱ्या दोन्ही गावांना. एकच प्रस्ताव द्या."

"म्हंजे पानी मी अडवायचं आनि केंद्र हिच्या गावात?"

"दोन्ही गावांच्या समितीचा अध्यक्ष तूच हो, दादा," गुणवंती म्हणाली. याला मात्र सखारामला नाही म्हणवेना.

संध्याकाळी विनीतचा फोन आला. "बाबा, मी गावी येतोय. केंद्रात काम मिळेल ना?"

सखारामचे डोळे भरून आले. "मिळंल रे बाला! पन तुला कोनी सांगितलं?"

"आत्यानं. दुपारीच."

"बघ, बघ!" फोन ठेवून सखाराम काशीवर कडाडला. "हितंपन तिनंच पयला नंबर लावलान!"