कारल्याचा दोरा

“कारल्याले दोरा बांधाले कोनालेबी येते, नलू. सोडाची याद ठेवजो.”

धुरपताबाईंना जाऊन दोन वर्षं झाली, पण सासूबाईंचा हा आवाज नलूबाईंच्या स्वयंपाकघरातून काही गेला नव्हता. आज अविधवा नवमी. सासूबाई सवाष्ण गेलेल्या, म्हणून आजचं पान त्यांचं, आणि पानात त्यांच्या आवडीची भरली कारली. नलूबाईंनी सोवळ्यात कारली मीठ लावून पिळली, तीळ-दाणे-खोबऱ्याचं सारण चिंचगुळात कालवून भरलं आणि ते सांडू नये म्हणून वरून पांढरा दोरा गुंडाळून कारली मंद आचेवर शिजवली. नैवेद्याचं म्हणून चाखायचं नाही. मीठ वासावरून ओळखायचं, हेही सासूबाईंनीच शिकवलेलं.

पान गच्चीवर नेऊन ठेवलं. एरवी नालवाडीतले कावळे पोळीसाठी भांडतात. आज एकच आला, कठड्यावर बसला, कारल्याकडे एका डोळ्याने पाहून मागे सरकला.

“आला का?” बापूजींनी विचारलं. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. परवा दोरीवर वाळणाऱ्या शर्टाला मुलगा समजून ते चांगली पाच मिनिटं रागावले होते.

“आला, पन शिवून नाई राह्यला,” नलूबाईंचा नवरा धनंजय म्हणाला.

“काऊन?”

“मायची काईतरी इच्छा राह्यली असन.”

झालं! इच्छा राहिली म्हणजे शब्द द्यायला हवा. पोटात कावळे ओरडत असल्यामुळे धनंजयने लगेच हात जोडले. “माय, आजपासून तंबाखू-खर्रा बंद.”

कावळ्याने मान फिरवली. या शब्दावर धुरपताबाईंचाही कधी विश्वास बसला नव्हता.

“आजी, मी जेवताना मोबाईल नाही पाहणार, प्रॉमिस!” सुरभी म्हणाली. कावळा उडाला आणि थेट शेजारच्या टाकीवर जाऊन बसला.

“पाह्य, तू बोलली अन् तो पळाला! मनापासून बोल ना पोरी!” बाप लेकीवर खेकसला.

“तुमचं ऐकून तरी कुठं जेवायला बसला होता, बाबा?”

इच्छा कोणती राहिली, हे नलूबाईंना ठाऊक होतं. शेवटच्या आजारात सासूबाईंनी त्यांचा हात धरून, बापूजींकडे पाहत एवढंच म्हटलं होतं, “यायचा डोळा करून घेजो.” त्यांनी हो म्हटलं होतं. पण ऑपरेशनचं नाव काढलं की बापूजी म्हणत, “आता पाहाचं काय राह्यलं?” आणि भिंतीकडे तोंड करून झोपत.

ऊन चढलं. बापूजी चाचपडत कठड्यापाशी आले, काठी बाजूला ठेवली. “बरं बाई, हरलो मी. उद्याच जातो सेवाग्रामच्या दवाखान्यात. आता तरी जेव.”

नलूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पानाभोवती पुन्हा पाणी फिरवायला त्या वाकल्या आणि तशाच राहिल्या. कारल्याला दोरा तसाच होता!

त्यांनी पदराआड दोरा सोडला आणि मागे सरल्या. कावळा झपकन आला, अख्खं कारलं चोचीत धरून उडाला.

“आली,” बापूजी पुटपुटले.

नलूबाईंचं खोटं न बोलण्याचं व्रत होतं. पण न विचारलेलं सांगायचं व्रत नव्हतं. बाकीच्या कारल्यांचे दोरे सोडायला त्या बापूजींचा हात धरून खाली आल्या, तर धनंजय त्यांच्याही आधी उतरून सगळ्यांना वाढून पहिला घास चावत होता.

“हे काय?” त्याने दातांतून लांबलचक दोरा ओढला. मग डोळे बारीक केले. “नलू, वरच्या कारल्यालेबी होता काय?”

आता विचारलंच होतं. “होता. मग सोडला मी.”

“मंग कावळा दोऱ्याले भेत होता! वावरात आपुन दोरे कायले बांधतो? पाखरं येऊ नोये म्हनूनच ना! मायचं काईच नोतं. शपथ कॅन्सल!” त्याचा हात खिशाकडे गेला. सुरभीने मोबाईल सरळ ताटाला टेकवला.

नलूबाईंनी बापूजींकडे पाहिलं. सुटायला त्यांनाही वाट मिळाली होती.

बापूजी बोटांनी चाचपून आपल्या कारल्याचा दोरा उलगडत होते. सगळा निघाल्यावर त्यांनी घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

“तिच्याच हातचं लागते,” ते म्हणाले. “लग्न झाल्यापासून तिनं दोरा कधी सोडलाच नाई. मी काढून गुपचूप पानाखाली लपवत जावो.”

“सासूबाई विसरायच्या?” नलूबाई थक्क झाल्या. “मला तर दरवेळी बजावायच्या!”

“तुले बजावे म्हनूनच तर मले हासू ये.”

डोळ्यांबद्दल मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत. नलूबाईंनीही विचारलं नाही. नैवेद्याचा शब्द धाक घालून वसूल करू नये, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पारिजातकाखाली फुलं वेचत होत्या. दार हळूच वाजलं. बापूजी धुतलेलं धोतर नेसून, खांद्याला पिशवी लावून अंगणात आले होते.

“बापूजी, थांबा, यांना उठवते.”

“नोको. तो मले दोऱ्याचं समजावत बसन.”

त्यांनी फाटकाची कडी चाचपली, आवाज न करता उघडली आणि ऑटोच्या नाक्याकडे चालू लागले. नलूबाईंनी फुलांची परडी तुळशीपाशी ठेवली, पदर खोचला आणि त्यांच्या मागोमाग निघाल्या.