पुंजाजीकाकांचं मोटारघर

पुंजाजीकाका विकायला निघालेल्या कुठल्याही मोटारीत आधी आडवे होत. इंजिन, चाकं, टप हे सगळं नंतर. धोतर आवरून आत चढायचं, पागोटं काढून उशाला घ्यायचं, पाठ टेकायची आणि डोळे मिटायचे. मग गुडघे जरासे दुमडून पुन्हा एकदा पडून बघायचं. वाशीमच्या मोटारस्टँडवर एखाद्या उभ्या लॉरीतून दोन भेगाळलेले पाय बाहेर आलेले दिसले, की आमचा ड्रायव्हर रहीमभाई मला हाक मारून सांगे, "बाबू, तुम्हारे चचा आ गये."

ते माझे सख्खे काका नव्हेत. रिठदला आमच्या आणि त्यांच्या अंगणात एक कुडाची भिंत होती, तेवढंच नातं. मी वाशीमला एका सर्व्हिस मोटारीच्या कचेरीत तिकिटं फाडायला लागलो आणि काकांनी मला मोटरमास्तर ही पदवी देऊन टाकली. भोंगा कुठला आणि ब्रेक कुठला यापलीकडे मला मोटारीतलं काही कळत नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलंही. पण त्यांचं म्हणणं पडलं की मी दिवसभर मोटारीपाशी बसून राहतो, तेव्हा मला कळत नसेल तर साऱ्या तालुक्यात कोणाला कळणार? त्यामुळे दर आठवडी बाजाराला ते रिठदहून येत, कचेरीच्या बाकावर बसत, तंबाखू मळत आणि एकच गोष्ट विचारत.

"मास्तर, नवी घ्याव का वापरलेली?"

मी काहीही सांगितलं तरी उत्तर ठरलेलं. "इचार करून राह्यलो."

काकांना मोटार हवी होती ती फिरायला नव्हे, राहायला. त्याचं असं झालं होतं, की कोणी एक गोरा अधिकारी दौऱ्यावर आला होता आणि त्याच्याबरोबर झोपायचा पलंग, कपाट, स्वयंपाकाची फळी असं सगळं आत असलेली एक मोटार होती. काका पाटीभर पेरू घेऊन तिथे गेले, पेरू चपराशाला दिले आणि तो ते मोजत असताना आत शिरून साहेबाच्या पलंगावर आडवे झाले. चपराशानं पाय धरून त्यांना बाहेर ओढलं. हा किस्सा काका स्वतःच सांगत, आणि त्यात आपला अपमान झाला असं त्यांना कधी वाटलेलं दिसलं नाही. "वढलं त्यानं," ते म्हणत, "पन तोवर पाठ टेकली होती माही."

गावाला करमणूक झाली. कोणी म्हणे पाटील काशीला चालले, कोणी म्हणे म्हातारपणी साहेब व्हायचंय. काका कोणाला खोडून काढत नसत. एकदा मात्र त्यांनी गावच्या जोशीबुवांना गाठून विचारलं, की घराला चाकं असली तर दार कोण्या दिशेला धरायचं? जोशीबुवांनी पंचांग उघडलं, मिटलं आणि मोटार जिकडे वळेल तिकडे, असं सांगून सुटका करून घेतली. काकांना हे उत्तर फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते.

जुनी मोटार बघायला गेले, की झोपून उठल्यावर त्यांचा दुसरा कार्यक्रम असे. मालकाला बाजूला घेऊन ते हळूच विचारत, "याच्यात कोनी मेलं त नाई ना?"

हा प्रश्न गाडी विकणाऱ्याला कोणी विचारू नये. एक ड्रायव्हर अंगावर धावून आला. रिसोडच्या एका व्यापाऱ्यानं आपली मोटार दाखवायला काकांना घरी बोलावलं, फराळाचं ताट पुढे ठेवलं, आणि प्रश्न ऐकल्यावर मुकाट्यानं ताट उचलून आत नेलं. एका बंद पडलेल्या सर्व्हिसची लॉरी जवळजवळ ठरलीच होती. ऐसपैस होती, टपही गळत नव्हता. तिच्या मालकानं प्रामाणिकपणे सांगितलं, की दवाखान्यात नेता नेता एक म्हातारा मागच्या बाकावर गेला होता, पण त्याला आता बरीच वर्षं झाली. काकांनी हात जोडले, पागोटं उचललं आणि ते खाली उतरले.

मग नवीचा विचार सुरू झाला. वाशीमला गणपत मिस्त्री म्हणून एक सुतार होता. अकोल्याहून नुसता सांगाडा आणायचा आणि त्यावर सागाची खोली उभी करायची, असं त्यानं सुचवलं आणि कोळशानं जमिनीवर सगळं काढून दाखवलं. काका खुलले. खिडकी इथं, चूल तिथं, पाण्याचा रांजण कोपऱ्यात. शेवटी त्यांनी मोटारीला बाहेरून एक ओटाही मागितला. मिस्त्री म्हणाला, पाटील, असा ओटा काढला तर रस्त्यानं जाणाऱ्या गावोगावच्या म्हशी त्यात अडकून तुमच्याबरोबर येतील. काका मनापासून हसले. त्यांना तसं हसताना मी तेवढंच पाहिलं.

पुढच्या बाजारी ते आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. नवी नको म्हणाले. का, ते सांगेनात. तंबाखू मळत बसले आणि मळता मळता सगळी तंबाखू बाकाखाली सांडली.

असं कितीतरी वर्षं चाललं. नवी नको, जुनी नको. रहीमभाई म्हणायचा, चचाला मोटार घ्यायचीच नाहीये, नुसतं निजायला जागा हवीय. मलाही तसंच वाटू लागलं होतं. एकदा सुट्टीत घरी गेलो असताना मी आईजवळ हे हसत हसत बोललो. आई हसली नाही. भाकरी थापायची थांबली आणि कुडाच्या भिंतीकडे बघून म्हणाली, "तुले गिरजाकाकी कुठं दिसते नेहमी?"

अंगणात. मी सांगितलं. आणि सांगतानाच माझ्या लक्षात आलं, की पुंजाजीकाकांच्या बायकोला मी घरात कधीच पाहिलं नव्हतं. त्यांची चूल अंगणात होती, बाज अंगणात होती. पावसाळ्यात ओट्यावर गोणपाटं बांधून त्यामागे त्या बसलेल्या असत. लहानपणापासून ते इतकं रोजचं होतं, की अंगणातल्या निंबाच्या झाडाला जसं कोणी विचारत नाही तसं आम्ही त्यांनाही कधी विचारलं नव्हतं.

मग आईनं सांगितलं. काकांनी ते घर हौसेनं बांधलं होतं. सागाची दारं, नवी लालभडक कौलं. वास्तुशांतीला सारं गाव जेवून गेलं. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मानमोडीची साथ आली, आणि त्यांचा एकुलता एक किसना मधल्या खोलीत दोन दिवस तापानं फणफणून गेला. त्याला नेलं आणि गिरजाकाकी अंगणात येऊन बसल्या. रडल्याही नाहीत. आत चला म्हटलं तर एवढंच म्हणाल्या, की आत मला श्वास येत नाही. त्यानंतर त्यांनी उंबरठा ओलांडला नाही.

काकांनी काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. शेतात वेगळी खोली बांधतो म्हणाले, त्या नको म्हणाल्या. गावात दुसऱ्याचं घर बघितलं, तर त्या साथीत गावातलं एकही घर सुटलं नव्हतं. प्रत्येक घरातून कोणी ना कोणी गेलेलं.

पुढच्या बाजाराला काका आले तेव्हा मी नेहमीसारखी थट्टा केली नाही. त्यांना ते कळलं असावं. समोरच्या लॉऱ्यांकडे बघत ते आपणहून बोलले.

"घर म्हनलं का त्यात कोनी ना कोनी गेलंच असते, मास्तर. मोटार त आत्ता निंगाली. तिले मरन कुठून ठाव असन?"

मी विचारलं, की मग नवीच का घेत नाही? नव्या मोटारीत तर कोणीच गेलेलं नसणार.

"मी तेच सांगतलं तिले," काका म्हणाले. "त ती म्हने, ते घरबी कोरंच होतं."

गुडघे दुमडून झोपायचं कोडंही तेव्हा सुटलं. काकी त्यांच्या खांद्याइतक्याच होत्या. काका आधी आपल्या उंचीनं निजून बघत आणि मग तिच्या.

त्या उन्हाळ्यात वाशीमला तंबूतला सिनेमा आला. सिनेमावाल्याची एक जुनी लॉरी होती. पुढच्या भागात यंत्र आणि तंबूचं सामान, मागे फळ्यांची भिंत घालून केलेली राहायची खोली. बाहेरच्या बाजूला एक वाघ रंगवलेला आणि त्याखाली "रोज दोन खेळ" असं लिहिलेलं. मालकाची नजर अधू झाली होती, त्याला धंदा मोडून बायकोच्या माहेरी स्थायिक व्हायचं होतं. लॉरी विकायची आहे असं कानावर येताच मी रिठदला निरोप धाडला. काका बैलगाडीनं आले, आणि त्यांच्याबरोबर गिरजाकाकी होत्या. त्यांना गावाबाहेर आलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, जमिनीकडे बघत त्या लॉरीपासून चार हात दूर उभ्या राहिल्या.

मालकाची बायको अंजनाबाई तिथेच भांडी घासत होती. काकांनी आपला प्रश्न विचारला. मी मान खाली घातली.

अंजनाबाई रागावली नाही. राखेचे हात तसेच धरून म्हणाली, "मेलं कोणी नाही दादा. माझ्या दोघी पोरी मात्र इथंच झाल्या. धाकटी तर चालत्या गाडीत झाली, दाई भेटायच्या आधी."

काकी पुढे आल्या. "चांगल्या हायत पोरी?"

"थोरली नांदतेय. धाकटी ती काय, पाणी घेऊन येतेय."

विहिरीकडून एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी डोक्यावर घागर घेऊन येत होती. ऊन डोळ्यांवर आल्यानं तिनं तोंड वाकडं केलं होतं. काकी तिच्याकडे ती जवळ येईपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी अंजनाबाईला विचारलं, की कोणत्या जागी? अंजनाबाई त्यांना आत घेऊन गेली आणि तिनं मागच्या भिंतीलगतची फळी दाखवली. काकी त्या फळीवर बसल्या. तळहात तिच्यावर टेकवला. बाहेर काका पागोटं हातात घेऊन उभे होते. त्यांचा जीव कानात आला होता.

"हे घ्या," काकी आतूनच म्हणाल्या.

काकांनी लगेच होकार दिला. निजून बघायचंसुद्धा राहून गेलं.

लॉरी रिठदला आणायचं काम रहीमभाईनं केलं; काका आणि मी त्याच्याशेजारी बसलो. वाटेत ती इतक्यांदा बंद पडली, की बरोबर निघालेली बैलगाडी आमच्याआधी गावात पोचली. गावाच्या तोंडाशी लॉरीनं शेवटचा आचका दिला. रहीमभाई खाली उतरला, बोनेट उघडून आत बघितलं आणि काकांना म्हणाला, "चचा, इसमें अब जान नहीं है."

"आमाले राह्यचं हाय," काका म्हणाले. "जान कायले पाह्यजे?"

बैल जुंपून लॉरी काकांच्या अंगणात ओढून आणली आणि निंबाखाली उभी केली. ती तिथून पुन्हा हलली नाही. चाकं हळूहळू मातीत रुतली. गावाला नवा विषय मिळाला. पाटलाची मोटार काहून चालत नाही, असं कोणी विचारलं, की काका शांतपणे म्हणत, "चालवाले घेतली कोनं?" वाघ आणि "रोज दोन खेळ" तसंच राहिलं. त्याच्याखाली काकी लुगडी वाळत घालत.

त्या पावसाळ्यात ओट्यावर गोणपाटं बांधली गेली नाहीत. आई म्हणाली, गिरजाबाई आता दार लावून निजते.

पोळ्याला मी घरी गेलो. पहाटेपासून पाऊस लागला होता. काकांना भेटायला म्हणून कुडाला वळसा घालून गेलो आणि मोटारीच्या दारावर थाप मारली. काकींनी खिडकीची फळी वर केली. चेहरा भरलेला दिसत होता. आतून भाकरीचा वास येत होता. काका कुठं, असं विचारल्यावर त्यांनी हनुवटीनं घराकडे दाखवलं. "तिकडं हायत. तिकडंच निजतात."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ओट्यावर चढलो, आत गेलो. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. खोली सारवलेली, स्वच्छ. सामान काहीच नव्हतं, फक्त भिंतीशी एक लहान मुलाची बाज होती. तिच्याशेजारी जमिनीवर घोंगडी अंथरलेली होती आणि नुकतेच जागे झालेले काका तिच्यावर बसून पागोटं गुंडाळत होते.

मी त्यांना विचारलं, की एवढी वर्षं सारा मुलूख पालथा घालून मोटार घेतलीत, तिच्यात एक रात्र तरी निजलात का? जागा कमी पडते का?

"जागा हाय ना. ती बी या म्हनते."

त्यांनी पागोट्याचं टोक खोचलं. मग बाजेवरच्या गोधडीची एक घडी उगीच सरळ केली.

"ती भाईर गेली, तिचं बराबर हाय. तिले नाई राह्यवलं. पन मीबी गेलो असतो, त पोट्टं एकटं नसतं पडलं का इथं?"

बाहेरून काकींनी न्याहारीला हाक मारली. काका उठले. दार त्यांनी नुसतं लोटून घेतलं, कडी लावली नाही, आणि डोक्यावर पोतं घेऊन पावसातून मोटारीकडे निघाले.