सात नंबरचा चष्मा

खडी केंद्रावर बारा मजुरांसाठी बारा चष्मे आले, तेव्हा मुकादम साहेबरावांनी ते वाटले नाहीत. पेटीला कुलूप घातले आणि किल्ली करदोड्याला बांधली.

दुष्काळाचे दिवस. बहात्तर संपून त्र्याहत्तर लागले होते. मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी कोकरवाडीच्या मारुतीजवळ माणसे दगड फोडत बसत. हातोडी बसली की कपची उडते, आणि ती कुणाला विचारून उडत नाही. गोजरबाईचा डावा डोळा अशाच एका कपचीने गेला. जालन्याचा डॉक्टर म्हणाला होता, "उजवा सांभाळा बाई. तिसरा देवाने दिलेला नाही." त्यानंतर वरच्या ऑफिसला जाग आली. हिरव्या काचेचे, जाड पट्ट्याचे चष्मे आले. प्रत्येक पट्ट्यावर मजुराचा हजेरीतला नंबर रंगवलेला होता. गोजरबाईचा नंबर सात.

"साहेबरावदादा, माझा चष्मा द्या की," गोजरबाई म्हणाली.

"सरकारी माल हाय तो. फुटला मंग?"

"आन् डोळा फुटला मंग?"

"डोळा तुझा हाय. माल सरकारचा हाय. मला जबाब मालाचा द्यावा लागतो."

शेजारी खडी फोडणारा महेबूब म्हणाला, "बराबर हाय, गोजरमावशी. तू सरकारी डोळा आणायला पाह्यजे होता."

चार दिवसांनी सरपंच काकासाहेबांच्या पुतण्याचे, वसंताचे, लग्न निघाले. त्या वर्षी नवरदेवाच्या डोळ्यावर गॉगल नसला तर वऱ्हाडाला नवरदेव अपुरा वाटे; मुंडावळ्या एक वेळ विसरल्या तरी चालत. काकासाहेबांनी मुकादमाच्या खांद्यावर हात टाकला. दुष्काळी कामाच्या गावातल्या समितीचे तेच अध्यक्ष होते.

"साहेबराव, एका दिवसाचा सवाल हाय."

कुलूप उघडले. नवरदेवाला चष्मा मिळालेला पाहून जावई रुसले. जावयांना दिला, तर मामा म्हणाले, "आमी काय उपटसुंभ हावोत?" मामांना दिला, मग चुलते. पंगतीला साखर नव्हती, तेव्हा निदान मान तरी वाटायला हवा होता. संध्याकाळपर्यंत पेटी रिकामी झाली. एक नंबरचा काकासाहेबांनी स्वतःला ठेवला. वसंताच्या वाट्याला सात नंबर आला.

लग्नाच्या दिवशी सकाळी दहाला नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या पाया पडायला आला. मागे वाजंत्री आणि हिरव्या काचांचे अकरा मानकरी. नारळ फुटला आणि त्याच वेळी एक जीप येऊन थांबली. तीतून वरच्या ऑफिसचे नवे साहेब उतरले, हातात हजेरीपट घेऊन.

एकीकडे उघड्या डोळ्यांची माणसे दगड फोडत होती. दुसरीकडे चष्मेवाले पारावर उभे होते.

"मुकादम, हे कोण?" साहेबांनी विचारले.

सरकारी चष्मे लग्नाला दिले म्हणावे तर नोकरी जाते. साहेबराव घाईने म्हणाले, "मजूरच हायेत साहेब आपले."

साहेबांनी नवरदेवाचा पट्टा पाहिला, मग कागद पाहिला. "सात नंबर. गोजरबाई?"

"बदली आला साहेब तो. तिच्या बदली."

"बाशिंग बांधून?"

"लग्न हाय आज त्याचं. पण कामाचा खाडा बिलकुल करीत न्हाई."

"शाबास!" साहेब म्हणाले. "असा मजूर मी पाहिला नव्हता. मग उभे का? बसा कामाला. आणि ज्यांच्या डोळ्यावर चष्मा नाही, त्यांनी हातोडी खाली ठेवा. सक्त हुकूम आहे. त्यांची हजेरी पूर्ण लावा आणि सावलीत बसवा."

गोजरबाई सावलीत बसली. काकासाहेबांनी मुकादमाकडे असे पाहिले की कच्चा खाल्ला असता. पण बोलणार काय? समितीचे अध्यक्ष तेच. त्यांनी धोतर सावरले आणि हातोडी उचलली.

"वाजवा ना भाऊ," महेबूब वाजंत्र्यांना म्हणाला. "नवरदेवाच्या हाताला जोर येऊ द्या!"

मुहूर्त अकरा चाळीसचा होता. साहेब पारावर निवांत बसले होते. जावयाच्या तळहाताला फोड आले. मामा दर दगडाला एकेका देवाचे नाव घेऊ लागले. बारा वाजले. मांडवातून दोनदा निरोप आला, "नवरदेव काय करू राह्यला?" निरोप्याने परत जाऊन खरे ते सांगितले, तर नवरीच्या बापाने त्यालाच शिव्या घातल्या.

एवढ्यात टण्ण आवाज झाला. काकासाहेबांच्या उजव्या काचेवर कपची बसली आणि काचेला आडवी चीर गेली. त्यांनी चष्मा काढून पाहिला.

"आरं देवा! डोळाच गेला आस्ता!"

"माझा आसाच गेल्ता," सावलीतून गोजरबाई म्हणाली.

वाजंत्री थांबली.

साडेबाराला साहेब उठले. त्यांनी तिथेच शेरा लिहिला आणि खूश होऊन वाचूनही दाखवला: "मजूर चष्मे आनंदाने वापरतात. एक मजूर स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही हजर." जीप गेली.

अकरा चष्मे पटापटा पारावर पडले. कुणालाच ते क्षणभरही डोळ्यावर नको होते. वसंताने मात्र घोड्याला टाच मारली आणि सात नंबरसकट मांडव गाठला.

"ऱ्हाऊ दे गोजरबाई," साहेबराव कपाळ पुसत म्हणाले, "तुझा उद्या देतो."

"उद्यापोत्तर दगड दम धरतील व्हय?"

ती तशीच निघाली, हातात हातोडी. मांडवात अंतरपाट धरला होता, अक्षता मुठीत होत्या. गोजरबाई थेट नवरदेवासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. वसंताने एकदा हातोडीकडे पाहिले, एकदा स्वतःच्या फोडांकडे. मग मान खाली घालून चष्मा काढून दिला.

गोजरबाईने तो तिथेच डोळ्यावर चढवला, पट्टा आवळला आणि अंतरपाटावरून डोकावून पाहिले.

"नवरी चांगली हाय, पोरा," ती म्हणाली. "म्हणा आता मंगलाष्टकं. मला खडीवर जायचंय."