तीळभर दिवस

संक्रांतीला सगळे लाडू देतात. आमच्या समोरचे नाना हातावर एकच तीळ ठेवतात. लाडू नाही, वडी नाही, हलवा नाही, एक तीळ. "घे भाऊ," म्हणतात, "आज दिन इतलाच वाढना."

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असं आपण सगळेच म्हणतो आणि विसरतो. नानांनी ते मनावर घेतलं. माझ्या मुलीने शाळेत असताना एकदा त्यांना सांगितलं, की दिवस डिसेंबरातच वाढायला लागतो, आमच्या पुस्तकात आहे. नाना म्हणाले, पुस्तकात वाढत असेल, आमच्या घरी तीळ आल्याशिवाय वाढत नाही. मुलगी हसली, तीळ खाऊन टाकला आणि लाडू कुठे आहे म्हणून अक्कांकडे गेली. अक्का म्हणजे नानांच्या मंडळी. त्यांच्याकडे लाडू असतात. घरात कुणीतरी शहाणं लागतंच.

आम्ही भडगावात राहतो. नानांचं घर बुटकं आणि माझं दुमजली. मध्ये गल्ली. दुपार कलली की नानांच्या घराची सावली गल्ली ओलांडते आणि माझ्या पांढऱ्या भिंतीवर चढायला लागते. आधी नळ, मग खिडकी, मग गच्चीचा कठडा. नानांचं घड्याळ म्हणजे ही भिंत. मनगटावर काही नाही, घरात भिंतीवरचं आहे ते कधीचं बंद आहे. चहा नळावर, गिरणाकाठचा फेरफटका आटोपून घरी परत खिडकीवर, जेवण कठड्यावर. त्यामुळे त्यांचं जेवण उन्हाळ्यात उशिरा आणि हिवाळ्यात लवकर होतं, आणि याचं त्यांना काहीच वाटत नाही.

बाकीच्यांना वाटतं. एकदा गॅसवाल्याला त्यांनी फोनवर सांगितलं, "खिडकीवर ये." तो बिचारा आला, माझ्या खिडकीखाली सिलिंडर ठेवून निघून गेला. नाना संध्याकाळभर ओट्यावर त्याची वाट बघत बसले.

वैशाखात सगळा खानदेश उन्हाला शिव्या देतो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्या दिवसांत नाना मात्र नव्या जावयासारखे खुशीत असतात. आम्ही ओले पंचे डोक्यावर घेऊन बसलेलो, आणि हे म्हणणार, "ऊन लागस ना? लागू दे. दिन तं मोठा शे." वैशाखाचं कौतुक करणारा मी दुसरा माणूस पाहिलेला नाही. पुढे आषाढ लागला, की लोक ढगांकडे बघून आनंदतात आणि हे दिवस उतरायला लागला म्हणून तोंड पाडून बसतात. मार्गशीर्षात तर बोलतच नाहीत.

यंदा मार्गशीर्षातच मुलीचा साखरपुडा ठरला आणि मी घराचं रंगकाम काढलं. बायकोने आणि रंगाऱ्याने मिळून कॉफीचा रंग पसंत केला. हल्ली तोच चालतो म्हणे. नानांना कळलं आणि ते बोलायला लागले. सकाळी आले, कॉफी डाग दाखवते म्हणाले. दुपारी आले, कॉफीने भिंत तापते म्हणाले. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यालाच चहा पाजून त्याचं मन वळवायला बसले. भिंत माझी आणि झोप उडाली यांची. तिसऱ्या दिवशी ते स्वतः चुन्याची बादली घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मी चिडलो. मी म्हणालो, नाना, भिंत कुणाची?

"तुनी शे," नाना म्हणाले. "पन आज सांजले ओट्यावर ये."

गेलो. अक्का ओट्यावर माझ्या भिंतीकडे पाठ करून तूरडाळ निवडत होत्या. नाना त्यांच्या समोर बसून पंचायतीच्या गप्पा सांगत होते. सूर्य नानांच्या घरामागे गेलेला. सावली कठड्याशी पोचली होती. भिंतीच्या माथ्यावर उरलेला उजेड ओट्यावर उतरत होता, दुधाच्या सायीसारखा, मऊ. अक्का डाळ निवडता निवडता मान वर करून नानांकडे बघत आणि हसत.

मग त्यांचा हात ताटात चाचपायला लागला. खडा म्हणून त्यांनी चांगली डाळ बाजूला टाकली.

"अहो, दिन बुडना का?" त्यांनी विचारलं.

नाना म्हणाले, "आजून नही. भिंतवर शे."

भिंतीवर काही उरलं नव्हतं. नानांनी हळूच ताट ओढून घेतलं आणि स्वतः निवडायला बसले. ओट्यावरचा मिणमिणता बल्ब मी लावला, तर अक्कांची नजर बल्बाकडे गेलीच नाही. नाना मला गल्लीपर्यंत सोडायला आले.

"रातांधळी शे ती," ते म्हणाले. "डॉक्टर म्हने, वाढत जाईन. बत्ती लाई तरी तिले काही दिखत नही. तुनी भिंत पांढरी शे, म्हनीसन आमना दिन थोडा जास्ती टिकस. तितला येळ ती माले देखस."

एवढ्यासाठी हा माणूस वर्षभर सूर्याच्या मागे लागला होता. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं. तिने रंगाऱ्याला फोन करून कॉफी रद्द केली आणि पांढऱ्यातला सगळ्यात पांढरा कुठला ते विचारलं.

साखरपुडा छान झाला. पाहुणे म्हणाले, घर अगदी दवाखान्यासारखं दिसतं. म्हणू देत.

संक्रांतीला संध्याकाळी मी नानांकडे गेलो. सावली कठड्यापाशी होती आणि भिंत अजून उजळत होती. अक्कांनी मला लाडू दिला, क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, दाढी करत जाय."

नानांनी हात पुढे करायला सांगितला. तळहातावर दोन तीळ ठेवले.

"एक सूर्यदेवना," ते म्हणाले, "आनी एक तुना भिंतना."