जीवाणूंचा मुकादम

जीवाणू मला फसवू शकत नाहीत, असं मी अख्ख्या नारायण पेठेला सांगून बसलो होतो! आमची छोटी लॅब तिथेच, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. मातीतला एक जीवाणू वाढवायचा आणि तो तयार करतो ते अँटिबायोटिक काढायचं, हे आमचं काम. पण पठ्ठ्या हात आखडता घेई. म्हणून त्याच्यातला कोणता जीन कोणाला उठवतो, याचं जाळं मी कॉम्प्युटरवर मांडलं. मधोमध बाकीच्यांना कामाला लावणारा एक जीन सापडला, जणू मुकादमच. तो उठला की औषध वाढलंच!

"मॅडम, मुकादम सापडला!"

पूर्णिमा मॅडम आमच्या प्रमुख. "नक्की ना, दत्तप्रसाद? वाघोलीच्या औषध कंपनीनं जीवाणू नाकारला, तर लॅबला कुलूप लागेल."

"डोळे मिटून पाठवा!"

मुकादमाला बळ दिलेल्या जीवाणूनं आमच्या लॅबमध्ये भरपूर औषध दिलं, मग तो वाघोलीला गेला. तिथे बाटल्या हलवणारी यंत्रं अखंड चालू. थोड्याच दिवसांत कंपनीच्या मच्छिंद्र साहेबांचा फोन आला. "अहो, औषधाचा थेंब नाही! तुमचा मुकादम रजेवर आहे का?"

मॅडमनी फक्त दाराच्या कुलपाकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच बाटल्या मी परत आणून आमच्या यंत्रावर चढवल्या. दुपारी सगळे जेवायला गेले. मी मात्र बाटल्यांपाशीच बसलो. आणि यंत्र बंद पडलं! दिवे चालू, पंखा चालू, फक्त यंत्र बंद!

धावत खाली गेलो. जिन्याखालच्या मीटरपाशी तळमजल्यावरचे श्यामसुंदरकाका, आमच्या यंत्राच्या बटणावर हात ठेवून उभे!

"काका! काय करताय?"

"दिसत नाही? बटण बंद करतोय."

"रोज?"

"रोज. तुम्ही जेवून यायच्या आत चालू करतो. शेजारधर्म आम्हालाही कळतो."

"अहो, तुमच्यापायी आमची लॅब..."

"हळू बोला. मंदाकिनी झोपली आहे."

काकूंच्या ऑपरेशनची जखम चिघळली होती. एकामागून एक औषधं झाली, जंतू दाद देईनात. शेवटचं कसंबसं लागू पडलं. "रात्री दुखण्यानं डोळ्याला डोळा नसतो," काका म्हणाले. "दुपारी तेवढी झोपते. तुमचं यंत्र बरोबर तिच्या डोक्यावर घुमतं."

मी खालमानेनं वर आलो. जेवणाच्या सुट्टीनंतर नेहमीप्रमाणे नमुना तपासला. औषध! भरपूर! यंत्र थांबलं की हवा न मिळून जीवाणू गुदमरत होता, मुकादम खडबडून उठत होता. वाघोलीत त्याला उठवायलाच कोणी नव्हतं!

आता वाघोलीची यंत्रंही दुपारी थांबतात. लॅब वाचली. मी जाळ्याचा कागद घेऊन काकांकडे गेलो. काठावर त्यांच्या नावाचा नवा गोल काढला होता, तिथून बाण थेट मुकादमाकडे.

काकांनी चष्मा लावला. बाणावरून बोट फिरवलं.

"यात मंदाकिनी कुठे आहे? बटण मी तिच्यासाठी बंद करतो."

मी पेन्सिल काढून आणखी एक गोल काढला, त्यात काकूंचं नाव लिहिलं. काकू झोपल्या, की मुकादम उठतो. आतून काकूंचा बारीक आवाज आला, "लवकर बाजारात आणा हो ते औषध. कोणाला तरी वेळेवर मिळू दे."

मी डोळे पुसले. काका अजून कागदाकडेच पाहत होते.

"गोल वाकडा आलाय," ते म्हणाले.