चाळिसाव्या पानावरचं दार

नांदवड नगरपरिषदेच्या वेबसाइटमध्ये दिवाळीआधी शिरलेले शरच्चंद्र उपळेकर संक्रांत उलटली तरी बाहेर आले नव्हते. साइटमध्ये शिरताना चपला मदत काउंटरपाशी काढायच्या असतात. त्यांच्या चपला तिथंच होत्या. निवृत्तीनंतर मला त्या काउंटरवर पुन्हा बसवलेलं असल्यामुळे त्यांवरची धूळ मी अधूनमधून झटकत असे.

उपळेकर आत गेले होते ते घराच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावायला. ते काम सुरळीत पार पडलं, ही नगरपरिषदेच्या दृष्टीनं जमेची बाजू. अडलं ते परतताना. आत चाळीस पानं आहेत आणि प्रत्येक पानाला दोन दारं, एक लाल, एक हिरवं. लाल दार धरत गेलं की माणूस चाळिसाव्या पानावरून बाहेर पडतो. एकदा जरी हिरव्यात पाऊल पडलं, की पुन्हा पहिलं पान. सुरक्षेच्या कारणास्तव दारं सतत जागा बदलतात. उपळेकरांना लाल आणि हिरवा हे दोन्ही रंग जन्मापासून वाळक्या पाचोळ्यासारखे दिसतात. त्यामुळे ते चालतच होते.

बाहेरून आम्हाला पडद्यावर फक्त पहिलं पान दिसतं. वत्सलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, रोज येऊन पडद्यासमोर बसत. उपळेकर फिरून पहिल्या पानावर आले की दोघांचं बोलणं होई.

"अहो, किती वाळलात!"

"चालणं होतंय ना गं. डॉक्टर तेच सांगत होते. तू बरी आहेस?"

"मी बरी आहे. डावीकडचं लाल. डावीकडचं."

"डावीकडचं. येतो मग."

येतो म्हणून ते जात. दुसऱ्या पानावर डावीकडे काय आहे ते सांगायला कोणी नसे. वत्सलाबाई रिकाम्या पानाकडे बघत बसत. डबा 'कागदपत्रे जोडा' या खिडकीतून पाठवावा लागे. पोळ्या घडी घालून जात. आमटी मात्र दर वेळी 'अमान्य स्वरूप' म्हणून परत येई.

शेवटी उपळेकरांच्या तक्रारीवरून बैठक झाली. साइट बांधणारी तेजल पांगारकर सरळ मुलगी होती. ती मुख्याधिकारी धुमाळसाहेबांना म्हणाली, "सर, नुसत्या रंगावर विसंबायला नको होतं, ते माझं चुकलं. दारांवर शब्द लिहू. नाहीतर लाल दारावर पट्टे ओढू. पान काळ्या-पांढऱ्यात छापलं तरी दार ओळखू आलं पाहिजे."

"शब्द कुठला?"

"बाहेर."

"सरकारी दारावर 'बाहेर'? लोकांना हाकलून दिल्यासारखं वाटेल हो."

शब्द भाषा उपसमितीकडे गेला. पट्टे मंजूर झाले. मग दारांची तपासणी रंगांध माणसाच्या नजरेनं व्हावी असं ठरलं, पण समितीत रंगांध कोणीच नव्हतं. म्हणून सर्व सदस्यांनी डोळे मिटून पाहिलं. एकालाही दोन दारांत फरक दिसला नाही, आणि अडचण खरी असल्याची नोंद झाली.

पट्टे ओढायच्या दिवशी धुमाळसाहेब म्हणाले, "एकाच दाराला पट्टे का? उद्या दुसऱ्या दाराबद्दल ओरड होईल. दोन्हींना ओढा."

"साहेब, मग उपयोग काय त्याचा?" तेजल म्हणाली.

"सगळ्यांना समान वागणूक."

पट्टे दोन्ही दारांना ओढले गेले. उपळेकरांनी पुढच्या फेरीत रंगकामाची तारीफ केली.

त्या दिवशी वत्सलाबाई माझ्याकडे वळल्या. "भाऊसाहेब, लग्न झाल्यापासून यांचे शर्ट मी काढून ठेवते. टोमॅटो पिकलाय की नाही ते मी सांगते. सिग्नलला यांचा हात मी धरते. पट्ट्यांनी काय होणार?"

"मग काय करायचं म्हणता?"

"उताऱ्यावर माझं नाव लागलं ना? म्हणजे ते खातं माझंही झालं."

मी तपासलं. झालं होतं. एका खात्यात दोघांनी शिरू नये असा नियमही सापडला नाही.

"आत चहा मिळत नाही," मी बजावलं.

"यांच्या हातचा बाहेर तरी कुठं मिळत होता?" त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या आत गेल्या.

उपळेकर पहिल्या पानावर पोचले तेव्हा त्या तिथं उभ्या होत्या.

"अगं, तू कशाला आलीस?"

"डोळे तपासायला. चला." त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि दोघं दुसऱ्या पानाकडे निघाली.

संध्याकाळी उपळेकर लाल दारातून बाहेर आले. एकटेच.

ती दोघं आत चालत असतानाच धुमाळसाहेबांनी जिल्ह्याला कळवलं होतं, की रंगांध नागरिकांसाठी साइटमध्ये सुविधा उपलब्ध झाली आहे. कळवलेली सुविधा बाहेर पडू शकत नाही. शेवटचं दार वत्सलाबाईंसाठी उघडलं नाही.

उपळेकर अनवाणीच धुमाळसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "दारांवर शब्द लिहा साहेब. म्हणजे तिची गरज उरणार नाही."

"शब्दाचा विषय तुमच्या तक्रारीवरून निघाला होता. तुम्ही तर बाहेर आलात. तक्रार निकाली निघाली."

"मी नवी करतो."

"काय लिहाल? सुविधा बरोबर नाही?"

 बायकोबद्दल तसं लिहिणं उपळेकरांना जमण्यासारखं नव्हतं.

आता ते रोज सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच दाराशी उभे असतात. कामाचं स्वरूप म्हणून मी 'चौकशी' लिहितो. ते आत शिरतात. वत्सलाबाई पहिल्या पानावर वाट बघत असतात. दोघं हात धरून चालू लागतात, गावाबाहेरच्या रस्त्यावर जोडपी चालतात तशी, सावकाश. दिवसभरात इतर कोणी रंगांध फारसं येत नाही. आलंच तर त्यालाही बरोबर घेतात.

दुपारच्या सुमाराला दोघं पुन्हा पहिल्या पानावर दिसतात. जरा वेळ टेकतात, बोलतात, परत निघतात. संध्याकाळी साइट बंद व्हायची घंटा झाली की उपळेकर एकटे बाहेर येतात.

मी एकदा विचारलं, "अहो, दुपारी तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर कसे? वहिनी दार चुकीचं सांगतात की काय?"

"छे हो. ती अगदी बरोबर सांगते. चाळिसाव्या पानावर तर दोनदा सांगते. हे लाल, ते हिरवं."

"मग?"

"मग मी हिरव्यातून जातो," ते पायांत चपला सरकवत म्हणाले. "त्यातून तिला येता येतं."